मदत हवी आहे : लिनिएज (अँड्रॉइडवर आधारलेली पर्यायी प्रणाली) टाकल्यावर फोन फिरून रिकव्हरीतच येतो

फोन दोन स्लॉटचा, म्हणजे ए/बी आहे : प्रणालीच्या दोन प्रतींसाठी दोन जागा, एक चालू, एक बंद. बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक आहे, लिनिएजची रिकव्हरीही (प्रणाली टाकायचा, पुसायचा वेगळा मेनू) चढली. रॉमची, म्हणजे या प्रणालीची, झिप साइडलोड करताना (केबलने संगणकावरून चढवताना) संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबला, फोनवर मात्र एरर नाही. रीबूट केल्यावर लोगो बराच वेळ फिरतो, मग रिकव्हरी उघडते आणि 'डेटा करप्ट असू शकतो' म्हणते. झिपचा शा-२५६ (फाइल बिघडली नाही ना हे तपासायचा कोड) जुळतो, केबलही बदलून पाहिली. गूगल ॲप्स हवी आहेत. कंपनीची रॉम परत टाकण्यावाचून काही उपाय?

प्रतिसाद १
कंपनीच्या रॉमकडे जाऊ नका. ४७ टक्क्यांना सगळेच घाबरतात. एडीबी, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन, असं धरून चालतं की झिप दोनदा वाचली जाईल, एकदा सही (झिप कोणी बनवली याची डिजिटल खूण) तपासायला आणि एकदा उतरवायला. ए/बी फोनमध्ये ती साधारण एकदाच वाचली जाते, म्हणून आकडा तिथेच थांबतो.

खरी अडचण डेटाची आहे. अनलॉक करताना तो पुसला गेला, पण त्यानंतर मूळ रॉम एकदा जरी सुरू झाली असेल तरी तिने तो पुन्हा एन्क्रिप्ट केला. नव्या रॉमला तो उघडता येत नाही.

आधी कॉपी-पार्टिशन्सची झिप साइडलोड करा; ती चालू स्लॉटवरचं फर्मवेअर, म्हणजे चिप्स चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या स्लॉटवर उतरवते. रॉम नेहमी बंद असलेल्या स्लॉटवर जाते आणि तिथलं फर्मवेअर जुनं निघालं तर फोन पार आडवा होऊ शकतो. मग रिकव्हरी पुन्हा सुरू करून फॅक्टरी रीसेटमधून 'फॉरमॅट डेटा' करा. नुसती कॅश पुसून भागत नाही. त्यानंतर रॉम. ती संपल्यावर 'रिकव्हरी रीबूट करू का' असा प्रश्न येईल, त्याला हो म्हणा. नाही म्हटलंत तर गूगल ॲप्स जुन्याच स्लॉटवर जातात. ॲप्सची झिप चढवताना सही जुळत नसल्याचा इशारा येईल. ती झिप लिनिएजच्या किल्लीने सही केलेली नसतेच, पुढे जा. आणि हे सगळं पहिल्या बूटच्या आधी! एकदा बूट होऊन मग ॲप्स टाकलीत तर क्रॅश सुरू होतात आणि फॉरमॅट पुन्हा करावं लागतं.

पहिल्या बूटला पंधरा मिनिटं द्या.

धागाकर्ता
फॉरमॅट केल्यावर चालू झाला, गूगल ॲप्सही आहेत. बँकेचं ॲप मात्र उघडत नाही. बूटलोडर परत लॉक केला तर चालेल का?

प्रतिसाद २
अजिबात नको. लॉक केल्यावर बूटलोडर कंपनीची सही शोधतो. ती नसल्यामुळे फोन सुरू व्हायला नकार देईल, आणि काही मॉडेल्सवर परत अनलॉकही करता येत नाही. स्वतःची किल्ली बसवू देणारे फोन, उदाहरणार्थ पिक्सेल, हा अपवाद. पण तिथेही रॉम त्या किल्लीने सही केलेली लागते.

अनलॉक बूटलोडरवर प्ले इंटिग्रिटीची (फोन विश्वासू आहे का हे ॲप्सना सांगणाऱ्या गूगलच्या तपासणीची) 'डिव्हाइस' पातळी पास होत नाही आणि बऱ्याच बँका तीच तपासतात. ती चुकवणारी मॉड्यूल्स आज चालतात, उद्या बंद पडतात. बँकेचं काम ब्राउझरमधून करणं बरं. वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी गूगलची यंत्रणा) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ या खालच्या पातळीवर घसरलं असेल तर सशुल्क व्हिडिओही एचडीत दिसणार नाहीत.

मोबदला लिनिएजच्या अपडेटरमध्ये मिळतो : कंपनीने सोडून दिलेल्या फोनवरही अँड्रॉइडचे सुरक्षा पॅच येत राहतात, गूगल ॲप्स पुन्हा चढवावी लागत नाहीत. मोडेम आणि चिपच्या फर्मवेअरचे पॅच मात्र कंपनीने थांबवले तिथेच राहतात. 'फोनबद्दल'मध्ये व्हेंडर (कंपनीकडच्या) पॅचची तारीख वेगळी दिसते, तीही बघत जा.