फोनमधल्या नव्या नकाशाने तुम्हाला कुठे नेऊन सोडलं?

रानजाई
काल बाबांचा फोन आला, आवाज चढलेला. रात्रीत त्यांचा मोबाईल अपडेट झाला आणि सकाळी पत्त्याच्या लिंकवर बोट ठेवलं तर रोजचा नकाशा उघडलाच नाही, भलताच उघडला. फोनबरोबर आलेला, काढून टाकता येत नाही असला. डोळ्यांचा दवाखाना आपल्या डोंबिवलीतच, मानपाडा रोडला. त्याने त्यांना ठाण्याच्या मानपाड्याकडे काढलं! रिक्षावाला भला माणूस, कल्याण-शीळ रस्त्यालाच थांबून म्हणाला, "काका, दवाखाना नक्की कुठला?" बाबा फोनवर एकच धरून बसले होते, "मला विचारलं का यांनी बदलायच्या आधी?" मला त्यांचा राग शंभर टक्के पटला. आणि मामेबहिणीचं लग्न आठवलं.

लग्न ता. माण, जि. सातारा. गोंदवल्याच्या पुढे. आम्ही पहाटेच निघालो होतो. दादाचा फोन नवा कोरा, त्यातला नकाशाही कंपनीने नव्यानेच घातलेला. एक्स्प्रेसवे संपला, आणि वाकडपाशी त्यातल्या बाईने हायवे सोडायला सांगितलं. आम्हाला वाटलं पुढे ट्रॅफिक तुंबलं असेल, म्हणून बाहेरून काढतेय. मग हिंजवडीच्या कंपन्यांची फाटकं लागली, कामावर निघालेल्या बसगाड्या, आणि शेवटी "आपण पोहोचलात". समोर पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. गाव माणच होतं, पण मुळशी तालुक्यातलं! दादाने पत्ता पूर्ण घातला होता, साताऱ्यासकट.

तिथून माणदेश गाठेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. मामाने जमेल तितकं थांबवून धरलं होतं, पण मुहूर्त कोण थांबवणार. मामीने आमची ताटं झाकून ठेवलेली. आई जेवायला बसली आणि घास हातातच राहिला तिच्या. सख्ख्या भावाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न, आणि हिला बघायला मिळालं नाही. ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

तुमच्यावर असं काही गुदरलंय का? लिहा, मोकळेपणाने लिहा.

घाटवाट
"ता. माण" वाचलं तिथेच कळलं पुढे काय होणार. आमच्या साताऱ्याकडे हे नेहमीचं आहे. तालुका माण पण कचेरी दहिवडीला. तालुका खटाव, कचेरी वडूजला. पुण्याकडे मुळशीची कचेरी पौडला. मावळ नावाचं तर गावच नाही, सगळा कारभार वडगावला. आणि खेडचं विचारूच नका, एक राजगुरुनगर, एक रत्नागिरीतलं, वर खेड शिवापूर निराळंच. आम्ही आता पत्रिकेवर खाली ठळक छापतो, "दहिवडीमार्गे यावे".

कुंदाताई
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. पण रानजाई, आईचं वाचून फार वाईट वाटलं गं.

मेलबर्नकर
घाटवाट, तुम्ही जे मावळचं लिहिलंत ना, अगदी तेच आमच्याकडे ऑस्ट्रेलियात झालं होतं आणि जगभर गाजलं. २०१२ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोनमधला गूगलचा नकाशा काढून स्वतःचा घातला. डिसेंबरात इथल्या व्हिक्टोरिया पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला की मिल्ड्युराला जाताना या नकाशावर विसंबू नका. मिल्ड्युरा हे चांगलं भरलेलं शहर आहे, मेलबर्नहून साधारण साडेपाचशे किलोमीटर. नकाशाने ते उचलून जवळपास ७० किलोमीटर लांब मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध ठेवलं होतं. तिथे पाणी नाही, फोनला रेंज नाही, उन्हाळ्यात पारा ४६ पर्यंत जातो. काही लोक २४ तासांपर्यंत अन्नपाण्यावाचून अडकले, काहींना रेंज मिळवायला लांबवर पायपीट करावी लागली.

इथल्या उन्हात भर दुपारी गाडी बंद पडणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. आम्ही अजूनही आतल्या भागात जाताना डिकीत पाण्याचे मोठे कॅन टाकतो आणि घरी कुणाला तरी वाट सांगून निघतो.

निळासावळा
हो हो, तेव्हा ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली होती. २८ सप्टेंबर २०१२. आणि आमचा सुधारेपर्यंत दुसऱ्या कंपन्यांचे नकाशे वापरा असं स्वतःच सांगितलं, नावं घेऊन! डिसेंबरात गूगलने आयफोनसाठी आपलं ॲप आणलं तर दोन दिवसांत एक कोटी डाउनलोड. लोक किती तहानलेले होते बघा.

रानजाई
निळासावळा, माफी मागितली हे मला खरंच आवडलं. बाबांच्या फोनवाल्यांनी एक ओळ तरी पाठवायची होती.

दोनचाकी
मी पार्सलं पोचवतो, डोंबिवलीतच. नवा फोन घेतला हप्त्यावर, त्यात पत्ता दाबला की त्याचाच नकाशा उघडायचा. पत्ता टिळकनगर म्हणजे पूर्व. टिपका दाखवला पश्चिमेला, विष्णूनगरात. आता मधे रेल्वे आहे. गाडी घेऊन पलीकडे जायचं म्हणजे कोपर पूल नाहीतर ठाकुर्लीचा पूल, संध्याकाळी दोन्हीकडे मुंगीच्या पावलाने. भाजी थंड. गिऱ्हाईक ओरडणार, तारे कमी, उशिराचे पैसे माझे कापले जाणार. कंपनीला सांगितलं तर म्हणे फोनवाल्याला सांगा. फोनवाल्याकडे सांगायला माणूसच नाही. रानजाईताई, बाबांना सांगा, मानपाडा रोडला कुठेही अडलं तर आमच्यापैकी कुणालाही हाक मारा, आम्हाला तिथली बिल्डिंग न् बिल्डिंग पाठ आहे.

रानजाई
दोनचाकी दादा, सांगते त्यांना. उद्या पुन्हा जायचंय त्यांना, ड्रॉप टाकून तपासायचे राहिलेत.

आगारवाली
माझे वडील एसटीत चालक होते. नकाशा कधी हातात धरला नाही त्यांनी. मैलाच्या दगडावरून सांगायचे. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा जिल्ह्याचा, नारिंगी खेड्यातला रस्ता. मला लहानपणी खिडकीशी बसवून ओळखायला लावायचे. दगडावर पुढच्या गावाचं नाव असतंच. रात्री डेपोत आले की बाकीचे चालक कुठे खचलंय, कुठे मोरी वाहून गेलीय ते सांगायचे, फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. ती माहिती त्याच दिवसाची असायची हो. फोनला ती कोण देतं?

भातखाचर
आगारवाली, त्याच दिवसाची माहिती हा मुद्दा लाखाचा. गणपतीच्या आदल्या रात्री पुण्याहून महाडकडे. फोनमधल्या नव्या नकाशाने सरळ वरंध घातला. पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवतात हे आम्हाला माहीत, पण नवरा म्हणाला की दाखवतोय म्हणजे यंदा उघडला असेल. भोर ओलांडून वर गेलो तर आडवं लावलेलं बॅरिकेड, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश चिकटवलेला, शेजारी रेनकोटातला पोलीस. तो बिचारा म्हणाला, संध्याकाळपासून तुमच्यासारख्या गाड्या परत पाठवतोय, सगळे फोनच दाखवतात मला.

मागे वळलो तर रेंज गेली. पडद्यावर नुसत्या राखाडी चौकटी आणि मधे आमचा निळा ठिपका. जुन्या नकाशात मी घाटाचा भाग आधीच उतरवून ठेवायचे, या नव्यात तेव्हा ती सोयच नव्हती. मांडीवर गणपतीचं मखर, मागे पोरं झोपलेली, काचेवर पाऊस असा की पुढचं वळण दिसेना. पुन्हा पुणं गाठून ताम्हिणीने उतरलो. प्राणप्रतिष्ठा झाली वेळेत, देवाची कृपा. पण त्या रात्रीची धास्ती अजून जात नाही.

घाटवाट
चांगलं केलंत परत फिरलात. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात काय झालं आठवतंय ना. पुलावरून धरणाचं पाणी वाहत होतं, नकाशात मात्र रस्ता दिसत होता. कळसूबाईला निघालेल्यांची गाडी रात्री थेट पाण्यात. एकाचा जीव गेला. बंद रस्ता उघडा दाखवणं ही छोटी चूक नाहीच.

टोपोशीट
नकाशांच्या कामातच नोकरी आहे म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

फोनमधला नकाशा एका हाताने काढलेला नसतो. रस्ते एका पुरवठादाराकडून घेतात, दुकानं-दवाखाने दुसऱ्याकडून, गावांची नावं सरकारी यादीतून, आणि मग हे सगळं एकमेकांवर बसवतात. सांधा तिथेच निसटतो. मिल्ड्युराचं उदाहरण आम्ही नव्या मुलांना शिकवतो. ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत यादीत मिल्ड्युरा दोनदा होतं, एक शहर आणि एक त्याच नावाचा मोठा पालिका-प्रदेश. प्रदेशाला एक ठिकाण नसतं, म्हणून त्याचा मध्यबिंदू टिपका म्हणून दिलेला. नकाशाने तो मध्यबिंदू म्हणजेच शहर असं धरलं. मावळ शोधलंत आणि टिपका डोंगरावर पडला तर त्यामागेही बहुधा असंच काहीतरी असतं.

माणचं थोडं वेगळं. नावाचे दोन उमेदवार असले की यंत्र तुमच्याजवळचा उचलायला बघतं. जुन्या ॲपला वर्षानुवर्षं लोकांनी दुरुस्त्या पाठवलेल्या असतात, कोण कुठे वळतं तेही त्याला कळत गेलेलं असतं. नव्याची ती शिदोरी कोरी. म्हणूनच तो कुणालाही न विचारता सगळ्यांच्या फोनवर एकदम पुढे करणं मला मुळीच पटत नाही. आधी जिल्ह्या-जिल्ह्यात माणसं पाठवून तपासावं. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे, गावोगावचे तलाठी आहेत, २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने भारतीय कंपन्यांना नकाशे करायला परवानगीची अटही काढली. माहिती मिळत नाही ही सबब उरलेली नाही.

तोवर एवढं करा. गावाचं नाव टाईप करू नका, यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा. आणि चूक दिसली की त्याच ॲपमधून कळवाच. आम्ही ते वाचतो, खरंच वाचतो.

पांढरीकाठी
टोपोशीट, तुम्ही वाचता म्हणालात म्हणून लिहिते. मला दिसत नाही. फोन बोलतो त्यावर मी चालते. जुन्या नकाशात प्रत्येक बटणाला नाव होतं, "सुरू करा", "पायी", "परत मागे". नव्यात बोट फिरवलं की फोन नुसतं म्हणतो, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण ते नाहीच. पुण्यात नळ स्टॉपला वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली चारी बाजूंनी गाड्या, आणि हातातला फोन बटण बटण करतोय. मी तिथे उभी राहून रडले. शहाळीवाल्या मावशी हात धरून पलीकडे घेऊन गेल्या. रोज एकटी कामावर जाणारी बाई आहे मी, एका अपडेटने मला पुन्हा कुणाचा तरी हात धरायला लावला. कंपनीला दोनदा लिहिलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत" एवढंच आलं.

टोपोशीट
ताई, हे वाचून मान खाली गेली. तुमचा फोन आणि अपडेटचा क्रमांक मला निरोपातून कळवाल का? आमचं ॲप नाही ते, पण सुगम्यतेचं काम बघणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, थेट त्यांच्यापर्यंत पोचवतो.

पांढरीकाठी
पाठवला निरोप.

कुंदाताई
आले परत. माझं एवढं मोठं नाही. यजमानांना डायलिसिसला न्यायचं असतं, ठरलेला रस्ता आहे, पण नव्या नकाशाला उड्डाणपूल आणि खालचा रस्ता यातलं काही कळत नाही. वर असलो की डावीकडे वळा म्हणतो, वळणार कुठे, कठडा आहे! आता मुलीने गाडीत कागद चिकटवलाय, "पूल चढायचा नाही". आणि आगारवाली, तुझ्या वडिलांच्या अजून आठवणी लिही गं, वेगळ्या लिहिल्यास तरी चालेल.

निळासावळा
कुंदाताई, उपग्रहावरून जागा कळते पण उंची नीट कळत नाही, म्हणून ती गफलत. गूगलने भारतात २०२४ च्या जुलैत पूल चढायचा का ते आधी सांगायची सोय सुरू केली, चाळीस शहरांत. यजमानांची तब्येत आता कशी आहे?

कुंदाताई
बरे आहेत, आठवड्यातून तीनदा जावं लागतं. विचारलंस, बरं वाटलं.

रानजाई
कुणी सांगेल का, बाबांच्या फोनला पुन्हा जुनाच नकाशा कसा लावायचा? अँड्रॉइड आहे.

दोनचाकी
ताई सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे नव्या नकाशाच्या नावावर टॅप करा, "डीफॉल्टने उघडा" असं काहीतरी दिसेल, ते बंद करायचं. मग पुढच्या वेळी लिंक दाबली की कशात उघडू विचारतो, तेव्हा जुना निवडून "नेहमी". फोनप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतात. नाही जमलं तर घरी येऊन करून देतो, पूर्वेलाच असतो मी.

रानजाई
जमलं!! बाबा म्हणतायत त्या मुलाला चहाला बोलाव.

चाफेकळी
विषय थोडा सोडून विचारते, गोंदवल्याला एसटीने जायचं तर कसं? आईला दर्शनाला न्यायचंय.

घाटवाट
साताऱ्याला उतरा, तिथून दहिवडीकडे जाणारी गाडी धरा. प्रसाद घेऊनच निघा.

चाफेकळी
धन्यवाद. आणि रविवारी माणगावला पण जायचंय, पावसात रस्ता कसा आहे?

भातखाचर
कुठलं माणगाव, रायगडातलं की कुडाळजवळचं?

चाफेकळी
रायगड.

भातखाचर
मग ताम्हिणीने उजेडात उतरा, आणि निघायच्या आधी पौडला चहाच्या टपरीवर विचारून घ्या.