मुलांचं अ‍ॅडेनॉइड आणि सारखं सारखं होणारं सायनस: तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो आणि मधेच श्वास अडकला की दचकून कूस बदलतो. पावसाळा लागला की सर्दी सुरू होते, ती आठवडेच्या आठवडे हटत नाही, नाकातून घट्ट हिरवट शेंबूड येतो आणि शेवटी अँटिबायोटिकवर गाडी येते. ईएनटी डॉक्टरांनी मानेचा बाजूने एक्स-रे काढला. नाकाच्या मागे, टाळूच्या वर अ‍ॅडेनॉइड (टॉन्सिलसारखीच मऊ गाठ) वाढलंय, जंतू तिथेच तळ ठोकून बसतात, म्हणून सायनसला परत परत इन्फेक्शन होतं, असं त्यांनी समजावलं. काढून टाका म्हणतात. पुण्यातल्या ज्या आईबाबांनी ऑपरेशन करून घेतलं किंवा टाळलं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोथरूडहून एक आई
आम्ही करून घेतलं. सगळं तोंडातूनच करतात, बाहेरून टाका नाही. पण एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती म्हणून लिहिते. भूल उतरताना लेक इतका आकांत करत होता की मला ओळखेना. हातपाय झाडत होता, सलाइनची सुई ओढत होता. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बऱ्याच मुलांचं होतं असं, मांडीवर घेऊन बसा." थोड्या वेळाने झोपला आणि उठला तो भूक लागली म्हणत. पुढे आठवडाभर तोंडाला घाण वास येत होता, आवाज नाकात होता. दोन्ही आपोआप गेलं. घरी आल्यावर रात्री घोरणं ऐकू येईना, तर मीच उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघायचे.

धायरीहून
आम्ही थांबलो. मुलीचं नाक चोंदायचं, पण झोपेत श्वास अडकत नव्हता आणि कान स्वच्छ होते, म्हणून डॉक्टरांनीच आधी नाकातला स्टिरॉइड स्प्रे दिला. तो मारायची पद्धत नीट शिकून घ्या. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्यापासून दूर. पडद्यावर मारला की घोळणा फुटतो. ती आता नऊ वर्षांची आहे. वयाबरोबर अ‍ॅडेनॉइड आकसत जातं, तसं तिचं गेलं.

पिंपळे सौदागरहून एक बाबा
कानाकडे लक्ष द्या, हे कळकळीने सांगतो. आमचा मुलगा हाकेला ओ द्यायचा नाही, टीव्ही मोठा लावायचा. घरात सगळे त्याला हट्टी म्हणायचे. शाळेतल्या बाईंनी सुचवलं, कान तपासा. पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं निघालं. अ‍ॅडेनॉइड काढताना त्याच भुलीत दोन्ही कानांत ग्रोमेट (पडद्यात बसवायच्या इवल्याशा नळ्या) बसवले. घरी येताना रिक्षात त्याने कानांवर हात ठेवले, "बाबा, केवढा आवाज!" मला रडू आलं. इतके महिने पोर अर्धवट ऐकत होतं.

सिंहगड रोडहून
ऑपरेशननंतर सर्दी कायमची जाते असं मनात धरू नका. आमच्याकडे सायनसचा त्रास खूप कमी झाला, पण धुळीची अ‍ॅलर्जी आहेच. समोर बांधकाम चालू आहे. उशा-चादरी गरम पाण्यात धुतो, रोज मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने नाक धुतो. आणि लहान मुलाला पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ देऊ नका, पातेलं कलंडून भाजतं.

सदाशिव पेठेतून एक आजी
सूनबाईने नातवाच्या झोपेचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. तोंडी सांगून जे समजत नव्हतं ते त्यांनी बघितल्याबरोबर ओळखलं. तुम्हीही काढा.

कोथरूडची आई, पुन्हा
एक राहिलं. ऑपरेशननंतर मूल झोपेत सारखं गिळत असेल किंवा लाल उलटी झाली, तर आत रक्त येत असू शकतं. सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. डिस्चार्जच्या वेळी रात्रीचा फोन नंबर मागून घ्या.