खांदा बसला तर कोट बसला

अंगानं भरलेल्या बाईनं थंडीसाठी सैल कोट घ्यावा, असं काही जणी सांगतात, ते मला पटत नाही. सैल कोटात माणूस आणखी रुंद दिसतं. आधी खांद्याची शिलाई बघा, ती खांद्याच्या हाडावरच यायला हवी. कंबर शिंपी आत घेऊन देतो. खांद्याचं काम किचकट आणि महागाचं. पोट असेल तर बटणांची एकच रांग बरी, दोन रांगांत पुढे कापडावर कापड चढतं. कोट नितंबाच्या सर्वांत रुंद भागावर संपू नये, साडीवर तर नकोच नको. आणि आपल्या धुळे-जळगावकडे थंडी पहाटेची, दुपारी ऊन चटकतंच. जाड फर कशाला? पातळ लोकरीचा घ्या, फक्त घेण्याआधी आत स्वेटर घालून, गाडीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बघा, कुठं आवळत नाही ना.