क्रूझवर गॅलीत (बोटीच्या किचनमध्ये) जॉइन होणाऱ्या भावाची मेडिकल : लसींचा क्रम कसा लावायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून तो गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये होता, आणि आता एका क्रूझवर असिस्टंट कुक म्हणून त्याची निवड झाली आहे. घरातलं पहिलंच माणूस बोटीवर जातंय, त्यामुळे विचारायला जवळचं असं कोणी नाही. जॉइनिंग मायामीला. तिथून बोट कॅरिबियन बेटं करून पनामा आणि कोलंबियाच्या बंदरांना जाते. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) हातात आहे, बोटीवरच्या सुरक्षिततेचे एसटीसीडब्ल्यूचे कोर्स झाले, अमेरिकेच्या सी-१/डी (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या) व्हिसाची मुलाखतही झाली. अडलंय ते मेडिकल आणि लसींपाशी, आणि जॉइनिंगला जेमतेम पाच आठवडे आहेत.

कंपनीच्या मेलमध्ये मागितलंय ते असं : एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस किंवा रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा पुरावा, कांजिण्यांचंही तसंच, पिवळ्या तापाच्या लसीचं पुस्तक, छातीचा एक्स-रे, टीबीची तपासणी, रक्त-लघवी, ड्रग टेस्ट, आणि किचनमध्ये काम म्हणून शौचाची तपासणी. मेडिकल त्यांनीच ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्ये करायची आहे.

आईने ट्रंकेत त्याचं लहानपणचं कार्ड जपून ठेवलंय. २००४ चा जन्म. उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या निळ्या शाईत बीसीजी (टीबीची लस), पोलिओ, त्रिगुणी आणि नवव्या महिन्यातला गोवर. त्याच्यापुढचे रकाने कोरे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हा तो नववीत होता आणि शाळेत ती लस घेतल्याचं मला पक्कं आठवतंय, कारण डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण घेऊन तो घरी आला होता. पण तेव्हाचं कार्ड काही सापडत नाही. कांजिण्या त्याला तिसरीत असताना येऊन गेल्या आहेत. त्याचा अर्थातच कसलाच कागद नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. ज्या माणसामार्फत अर्ज केला तो म्हणतो, "मेडिकल आणि लसी सगळं मिळून ऐंशी हजार द्या, एका दिवसात उरकून देतो. पिवळ्या तापाचं टोचून घ्यायचीही गरज नाही, पुस्तकावर शिक्का मारून आणतो." भावाच्या बरोबरीच्या दोघांनी म्हणे तसंच केलं. मला हे अजिबात पटत नाही. बाबांचं म्हणणं असं की नोकरी हातची जायला नको, देऊन टाकू पैसे.

जाणकारांनी कृपया सांगा. एवढ्या लसी पाच आठवड्यांत बसतात का, आणि आधी कोणती घ्यायची? ही पिवळ्या तापाची लस खरोखर कोण तपासतं? सहा वर्षांपूर्वी आमच्या काकांना टीबी झाला होता आणि ते आमच्याच घरात राहायचे. औषधांचा कोर्स पूर्ण करून ते बरे झाले. पण भावाची टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर नोकरी जाईल का? आणि या सगळ्याचे पैसे नेमके कोणी द्यायचे असतात?

---

प्रतिसाद : दर्यावर्दी

ताई, पहिली गोष्ट, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. मी स्वतः क्रूझवर गॅलीत बरीच वर्षं काढली, आता कुडाळात असतो.

बोटीवरच्या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ चा. भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खलाशाने खर्च करायचा तो सरकारी नियमाच्या मेडिकल सर्टिफिकेटचा, सीडीसीचा आणि पासपोर्टचा. व्हिसाचा खर्चसुद्धा बोटीच्या मालकाचा. कंपनीच्या जादा तपासण्यांचं आणि लसींचं काय ते ऑफर लेटरमध्ये बघा, नसेल तर मेलवर विचारा. काही ठिकाणी आधी आपण भरतो आणि पावत्या दिल्यावर परत मिळतात, म्हणून प्रत्येक पावती जपा.

भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं. डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर यादी असते, त्यात त्याचं नाव शोधा. नाव नसेल तर तो नुसता मधला माणूस आहे. कंपनीशी थेट बोला.

शिक्क्याचं म्हणाल तर त्या वाटेला जाऊच नका. पुस्तकावर केंद्राचा शिक्का, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही, सगळं असतं आणि ते पडताळता येतं. खोटं पकडलं गेलं तर ही एक नोकरीच काय, पुढची सगळी काँट्रॅक्टं गेली. आणि समजा नाहीच पकडलं, तरी पोर त्या भागात लसीवाचून फिरणार. पिवळा ताप डासांतून येतो आणि त्यावर नेमकं औषध नाही. बाबांना हे दुसरं कारण सांगा, त्यांना पटेल.

---

प्रतिसाद : डॉ_पणजी

क्रमाबद्दल लिहितो. शेवटचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा, पण हिशेब असा आहे.

एमएमआर, कांजिण्या आणि पिवळा ताप या तिन्ही जिवंत लसी आहेत. म्हणजे जंतू दुबळा केलेला असतो, मेलेला नसतो. अशा टोचायच्या लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर दोघींमध्ये किमान २८ दिवस ठेवायचे. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी असं करू नये. पहिलीने जागी झालेली प्रतिकारशक्ती दुसरीला नीट रुजू देत नाही. त्यातही पिवळा ताप आणि एमएमआर एकाच दिवशी दिल्या तर प्रतिसाद थोडा कमी येतो असं दिसलं आहे. म्हणून ब्रिटनमध्ये या दोन लसींत चार आठवडे ठेवायला सांगतात, अमेरिकेत एका दिवशी दिलेल्या चालतात.

दुसरी अट पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्राची. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर उपयोगाची नाही. एकदा लागू झालं की मात्र आयुष्यभर चालतं. पूर्वी दर दहा वर्षांनी लागायची, ११ जुलै २०१६ पासून तो नियम गेला.

तिसरी गोष्ट टीबीची. हातावर टोचून जी मॉन्टू टेस्ट करतात ती जिवंत लस घेतल्यावर काही आठवडे खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून टीबीची टेस्ट लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी उरकायची.

तेव्हा मी असं करीन : उद्याच रक्त द्यायचं. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या या चारही आजारांच्या आयजीजी (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या) चाचण्या, आणि टीबीसाठी मॉन्टूऐवजी रक्तावरची इग्रा. मॉन्टूवर बीसीजीचा परिणाम होऊ शकतो, इग्रावर होत नाही, आणि कोकणातल्या पोराला बीसीजी झालेलीच असते. रक्त देऊन झालं की रिपोर्टची वाट न बघता पिवळ्या तापाची लस घ्यायची, कारण ती काही झालं तरी लागणारच आहे. दहा दिवसांचं घड्याळ लगेच सुरू होईल. रिपोर्टमध्ये जे कमी निघेल ते त्याच्यापुढे २८ दिवसांनी. पाच आठवड्यांत बसतं.

माझा अंदाज, गोवर आणि रुबेला पॉझिटिव्ह येतील. तुमच्या आईने जपलेल्या कार्डावरचा नवव्या महिन्यातला डोस एमएमआरच्या हिशेबात बहुधा धरणार नाहीत, वर्षाच्या आतला म्हणून. शाळेतल्या मोहिमेचा डोस मात्र शरीराने नक्की लक्षात ठेवलेला असेल. कार्ड हरवलं तरी रक्त सांगतं. अडेल ते गालगुंडापाशी, कारण त्या मोहिमेच्या लसीत गालगुंड नव्हता. सरकारी वेळापत्रकातही नाही.

टीबीबद्दल घाबरू नका. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, कधीतरी जंतूशी गाठ पडली आहे एवढंच. त्रास काही नाही आणि एक्स-रे साफ, तर तो कोणाला संसर्ग देत नाही. अशा वेळी कंपनीचे डॉक्टर आणखी तपासण्या मागतात, कधी प्रतिबंधक औषधं सुरू करायला सांगतात, जॉइनिंग पुढे जाऊ शकतं. काकांचा इतिहास फॉर्मवर खरा लिहा. लपवलेला इतिहास नंतर निघाला तर मात्र माणूस खरंच अडकतो.

लस घेताना अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा काही आजार यांतलं काही असेल तर आधी सांगायचं. आणि ड्रग टेस्टच्या आधी खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. काहींत कोडीन असतं, ते लघवीत दिसतं. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर चिठ्ठी दाखवावी.

---

प्रतिसाद : सावंतवाडीकर

कोण तपासतं, या प्रश्नावर. कंपनी तपासतेच, पण मुख्य म्हणजे आपलं सरकार तपासतं. पनामा आणि कोलंबिया हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पुस्तक नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात, जास्तीत जास्त सहा दिवस. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे, म्हणून इतकी कडक तपासणी. काँट्रॅक्ट संपवून मायामीहून निवांत परत येणार असेल तर गोष्ट वेगळी, पण घरी काही झालं आणि मधल्याच बंदरातून तातडीने यावं लागलं तर? केनियाला मसाई मारा बघायला गेलेल्या आमच्या ओळखीच्यांनाही हाच नियम लागला होता.

ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. तुम्हाला मुंबई गाठायची गरज नाही. मुरगावला पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं (बंदरावरच्या सरकारी आरोग्य खात्याचं) ऑफिस आहे, वेंगुर्ल्याहून तेच जवळ. मुंबईत हवं तर कुलाब्याला मांडलिक रोडवर, ताजच्या मागे. एका कुपीत बरेच डोस असतात आणि ती फोडली की थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून ठरलेले वार असतात. आधी फोन करून नंबर लावा. मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्सवर काम होत नाही. आणि तिथून हलायच्या आधी पुस्तकातलं नाव आणि पासपोर्ट नंबर अक्षरन् अक्षर ताडून बघा, भावाची सहीही त्याच्या जागी झाली पाहिजे.

---

प्रतिसाद : धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या लवकर आणि इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

त्या माणसाचं नाव आरपीएसएलच्या यादीत नाही. बाबांना दर्यावर्दी यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण पैशांचा विषय तिथेच बंद झाला. कंपनीला थेट मेल केला, त्यांनी दोन दिवसांत उत्तर दिलं : त्यांच्या क्लिनिकमधल्या मेडिकलचा खर्च तेच करतात, लसींच्या पावत्या दिल्यावर ते पैसे परत देतात.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी रक्त दिलं आणि मग मुरगावला जाऊन लस घेतली. रात्री थोडी कणकण आली, दुसऱ्या दिवशी ठीक. रिपोर्टही आले. गोवर, रुबेला, कांजिण्या पॉझिटिव्ह, गालगुंड निगेटिव्ह, इग्रा निगेटिव्ह. एक्स-रे साफ आहे. काकांबद्दल फॉर्मवर खरं लिहिलं, क्लिनिकच्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि पुढे गेले. एमएमआरबद्दल कंपनीने लेखी कळवलंय की जॉइन होण्याआधी एक डोस झालेला हवा, दुसरा बोटीवर देता येईल. तो पहिला डोस २८ दिवस भरले की लगेच घ्यायचा आहे.

एक शेवटचं. बोटीवर गेल्यावर कुकच्या आणखी तपासण्या होतात का? आणि हे कागद प्रवासात कुठे ठेवायचे?

---

प्रतिसाद : दर्यावर्दी

फार बरं वाटलं वाचून.

चढल्यावर आजारपणाबद्दल फॉर्म भरून घेतात. त्यापुढे रोजची शिस्त. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या बोटींवर तिथल्या सीडीसीची माणसं न सांगता तपासणीला येतात. आपल्या सीडीसीचा याच्याशी संबंध नाही, हे त्यांचं आरोग्य खातं. गॅलीत सगळे त्याला यूएसपीएचच (यूएस पब्लिक हेल्थ) म्हणतात. शंभरपैकी ८५ किंवा खाली गुण पडले तर बोट नापास. त्याला एकच गोष्ट पढवून ठेवा : जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच मिनिटाला मेडिकलला कळवायचं, 'थोडंसंच आहे' म्हणून शिफ्ट करायची नाही. किचनमधल्या माणसाला लक्षणं थांबल्यावरही ४८ तास कामाला हात लावू देत नाहीत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस एका कुकच्या हातून शेकडो माणसांना होऊ शकतो. नवी पोरं पगार कापतील म्हणून लपवतात आणि तिथेच फसतात. कळवलं म्हणून कोणाला घरी पाठवलेलं मी पाहिलं नाही, लपवलं म्हणून पाठवलेलं पाहिलंय.

कागदांचं : पिवळं पुस्तक, मेडिकल सर्टिफिकेट आणि लसींचे रिपोर्ट पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. जॉइन झाल्यावर पासपोर्ट आणि सीडीसी बोटीवरच्या ऑफिसात जमा करून घेतात, काही ठिकाणी पुस्तकही घेतात. त्यामुळे निघायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून एक संच तुमच्या फोनमध्ये ठेवा. एमएमआरच्या पहिल्या डोसची तारीख आणि बॅच नंबर त्याला वेगळा लिहून द्या, दुसऱ्या डोसच्या वेळी बोटीवरचे डॉक्टर विचारतील.