एका रात्रीत अख्खा मोसम पाण्यात? (एनसीएए बास्केटबॉल)

जास्वंद:
यंदा एनसीएएची, म्हणजे अमेरिकन कॉलेज संघांची, बास्केटबॉल स्पर्धा नीट बघायला घेतली. ६८ संघ, हरलात की घरी. महिनोन्‌महिने जिंकत आलेला संघ एका वाईट रात्री बाहेर! व्यावसायिक एनबीएच्या बाद फेरीत निदान सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. चांगल्या संघावर हा अन्याय नाही का? जुन्या प्रेक्षकांनी सांगा.

तिसरा_पास:
अन्याय आहेच. तरीही मला हीच पद्धत हवी, आणि ती व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघामुळे.

२०१८ मध्ये हा संघ ३१ विजय आणि फक्त २ पराभव घेऊन, पहिल्या मानांकनाने उतरला. समोर सोळावं, म्हणजे गटातलं सर्वांत खालचं मानांकन असलेला यूएमबीसी हा कॉलेज संघ. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिलं विरुद्ध सोळावं असे १३५ सामने झाले होते, सगळे पहिल्यानेच जिंकलेले. मध्यंतराला २१-२१. आणि मग यूएमबीसीने उत्तरार्धात ५३ गुण ठोकले! ७४-५४. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता, कबूल, पण वीस गुणांचा खड्डा एकट्यामुळे पडत नाही. खरी गोम शैलीत होती. बचाव घट्ट, खेळ संथ, त्यामुळे दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा येतो. अशात मागे पडलात की भरून काढायला संधीच उरत नाही. लांब मालिकेत हे दुखणं झाकलं जातं.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक टोनी बेनेटच, शैलीही तीच. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध दोन गुणांनी मागे, ०.६ सेकंद शिल्लक, आणि कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारताना व्हर्जिनियाच्या काइल गाय या खेळाडूवर फाउल. तीन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता एकेका गुणाचे तीन शॉट. पहिले दोन आत गेले तसा ऑबर्नने मुद्दाम टाइमआउट घेतला, पोराला विचार करत बसवायला. परत आला आणि तिसराही टाकला. ६३-६२. अंतिम सामन्यात टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ ने हरवलं, त्यात हंटरचे २७ गुण. सातच्या मालिकेत ते तीन फ्री थ्रो इतके जड झालेच नसते.

निळा_कोपरा:
त्या फाउलच्या काही क्षण आधी व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा डबल ड्रिबल (टप्पे थांबवून पुन्हा टप्पे देण्याची चूक) पंचांनी सोडला, तेही सांगा की. ऑबर्नला पुढचा सामना मिळाला नाही. जास्वंद म्हणतात तो अन्याय हाच.

तिसरा_पास:
बरोबर आहे, तो द्यायलाच हवा होता. ऑबर्नच्या पोरांसाठी मला आजही वाईट वाटतं.

रिबाउंड:
सोळाव्याने पहिल्याला हरवणं महिलांच्या स्पर्धेत १९९८ मध्येच घडलंय. सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ ने हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जायबंदी होत्या, पण हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरचे ३५ गुण कुणी काढून घेऊ शकत नाही. तिचं नाव दरवेळी राहून जातं, म्हणून लिहिलं.

जास्वंद:
फीस्टरबद्दल माहीतच नव्हतं, आभार. आधी ऑबर्नचा सामना पूर्ण बघते, मग त्या डबल ड्रिबलवर बोलू.