वाढदिवस रविवारी, हॉल हातचा गेला. लवकर मदत हवी आहे

सायलीची_आई (गुरुवार, ३ जुलै २०२५)
नमस्कार. लेकीचा वाढदिवस या रविवारी आहे. सोसायटीचा हॉल मिळणार नाही असं आज सकाळी अचानक कळवलं, त्या दिवशी सभा ठेवली आहे म्हणे. गच्चीवर करावं तर हा पाऊस. आमंत्रणं गेलेली आहेत, त्यामुळे घरीच करणार. खायला काय ठेवू, घरात कोणते खेळ जमतील? कृपया लवकर सांगा. बाहेरचे हॉल विचारून झालेत, ते सुचवू नका.

वाटसरू७
गाव कुठलं? मुलगी किती वर्षांची होणार? मुलं किती? पालक थांबणार की सोडून जाणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सुचवायचं कशावर?

सायलीची_आई
डोंबिवली. नेहमीसारखीच पार्टी हो, वर्गातली मुलं आणि बिल्डिंगमधली. मेनू सांगा ना कुणीतरी.

नाशिकची_सुगरण
मुलांना भेळ स्वतःच्या हाताने करू द्या. कुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, उकडलेला बटाटा, गोड चटणी वेगवेगळ्या वाट्यांत मांडायचं आणि प्रत्येकाला एक वाडगा द्यायचा. खाणं होतं, खेळही होतो आणि अर्धा तास सहज जातो. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला हेच केलं होतं, एकाही वाडग्यात काही उरलं नाही. पिझ्झा मागवू नका, गार झाला की मुलं फक्त वरचं चीज ओरबाडून खातात.

आनंदराव_सातारा
ताई, वाढदिवस तारखेने न करता तिथीने करावा. सकाळी अभ्यंगस्नान, औक्षण, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार. दिवा विझवून वाढदिवस साजरा करणं आपल्यात नाही. केकऐवजी घरचा शिरा करा.

निशिगंधा
आनंदराव, त्यांनी तिथी विचारलेली नाही. आमंत्रणं गेली आहेत असं वरच लिहिलंय. आणि औक्षण करून मग केक कापायला कुणाची हरकत असते? आमच्याकडे दोन्ही होतं. निरांजन एका बाजूला तेवत असतं, मुलं मेणबत्त्यांवर फुंकर घालतात.

आनंदराव_सातारा
दोन्ही करण्यात एकाचंही महत्त्व राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्याला पटेल त्याने घ्यावं.

वाटसरू७
सायलीची आई, वय आणि संख्या अजून कळलेली नाही. चार वर्षांची मुलं आणि नऊ वर्षांची मुलं यांचे खेळ सारखे नसतात.

सायलीची_आई
सहा पूर्ण होतील. पहिलीत आहे. मुलं सतरा-अठरा. घर दोन बेडरूमचं. पालक मुलांना सोडून जातील, असं मी धरून चाललेय.

मिलिंद_फ्रीमाँट
आमंत्रणात संपायची वेळ लिहिली आहे का? आमच्याकडे कॅलिफोर्नियात हा शिरस्ता आहे, पाच ते सात म्हणजे सातला पालक दारात हजर. या वयाला दोन तास भरपूर झाले. नसेल लिहिली तर आत्ताच मेसेज करा. नाहीतर पहिलं मूल पाचला येतं, शेवटचं पावणेनऊला जातं आणि मधला वेळ तुम्ही एकट्याने निभावायचा.

निशिगंधा
मिलिंदशी सहमत, पण सहा वर्षांच्या मुलांचे पालक अनोळखी घरी सोडून जातीलच असं धरू नका. इथे निम्म्या तरी आया थांबतात. त्यांच्या चहाचं आणि बसायचं पाहून ठेवा. खरंतर एक बेडरूम त्यांनाच देऊन टाका.

खेळगडी
खेळांचं माझ्यावर सोडा. सोफा आणि टीपॉय आत ढकला, हॉल मोकळा करा. मधोमध रंगीत चिकटपट्टी लावली की तळ्यात-मळ्यात सुरू. जागा कमी लागते आणि अठराही मुलं एकदम खेळतात. मग ‘शिवाजी म्हणतो’, नंतर गोलात बसवून मामाचं पत्र. पळापळीचे खेळ टाळा, फरशी निसरडी असते, त्यात पावसाचे ओले पाय. संगीत खुर्चीसाठी खुर्च्याच लागतात असं नाही, वर्तमानपत्रं अंथरली तरी भागतं. आणि बाद झालेल्या मुलाला लगेच काम द्या, गाणं थांबवायचं किंवा पंच व्हायचं. या वयात बाद होणं फार लागतं, रडारड तिथूनच सुरू होते. दमवणारा खेळ आधी, बसून खेळायचा नंतर आणि त्याला लागूनच केक.

सजावटीचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तरंगणारे फुगे घ्यायचे असतील तर त्यात कोणता वायू आहे ते विचारा. पुष्कळ फुगेवाले स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजन भरतात आणि तो मेणबत्तीजवळ पेट घेतो. तोंडाने फुगवलेले फुगे भिंतीला चिकटवा, तेच बरे. केक कापताना तो फेसाचा स्प्रेही नको. त्यातला वायू ज्वलनशील असतो आणि नेमका पेटत्या मेणबत्त्यांवरच मारला जातो.

दादर_पश्चिम
एवढ्या खटाटोपापेक्षा तेच पैसे बालगृहात द्या आणि मुलीचा वाढदिवस तिथल्या मुलांसोबत करा. माझ्या दोन्ही मुलांचे तसेच केले. संस्कार होतात.

निशिगंधा
देणगी जरूर द्यावी. पण दर रविवारी कुणीतरी अनोळखी केक घेऊन येणार, तिथल्या मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि फोटोला उभं राहायचं, हे त्या मुलांच्या बाजूने बघितलंत का कधी? बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असे फोटो प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याने, २०१५ च्या, बंदी आहे. तरी ते सगळीकडे दिसतातच.

दादर_पश्चिम
आम्ही फोटो काढले नव्हते. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

वाटसरू७
तो वेगळा धागा होईल. इथे एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. या रविवारी ६ जुलै, आषाढी एकादशी आहे. घरात उपास असतो का? केक बिनअंड्याचा लागेल का?

सायलीची_आई
हो, उपास असतो, सासूसासरे आणि मी. केक बिनअंड्याचाच सांगितलाय. सकाळी खिचडी, भगर आणि सासूबाईंची दाण्याची आमटी होईल. संध्याकाळी मुलांना साबुदाणावडे करावेत असं मनात होतं, म्हणजे एकाच घाण्यात सगळ्यांचं झालं असतं. पण लेकीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. खरी अडचण तीच आहे. सासूबाई म्हणतात यंदा त्याला बोलावू नको, आपल्या घरी काही झालं तर जबाबदारी कोण घेणार. त्याचं एकट्याचं आमंत्रण अजून दिलेलं नाही. लेक रोज विचारते, त्याला कधी सांगणार.

नाशिकची_सुगरण
अरे देवा. मग भेळ नको! फरसाणात दाणे असतातच. चिवडाही नको.

मिलिंद_फ्रीमाँट
इथे बऱ्याच शाळा डब्यात दाणे आणूच देत नाहीत. पार्टीच्या आमंत्रणातच अ‍ॅलर्जी विचारतात.

आनंदराव_सातारा
आमच्या लहानपणी असले प्रकार नव्हते. दाणे-गूळ खाऊन वाढलो. थोडं थोडं दिलं की सवय होते.

कबीरची_मम्मा
आनंदराव, हात जोडून सांगते, हे कुणी वाचून घरी करून बघेल. माझ्या मुलाला हीच अ‍ॅलर्जी आहे. थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून-मापून होतात. पाहुण्यांच्या घरी वाटीतून नाही.

सायलीची आई, त्याला बोलवा. माझा मुलगा वाढदिवसांना वगळला जातो आणि सोमवारी शाळेत सगळे त्याच पार्टीबद्दल बोलत असतात. मी आई आहे, मला कुणाच्या घरच्या जेवणाची भीती वाटत नाही, या वगळण्याची वाटते. आज रात्रीच त्याच्या आईला फोन करा आणि हे तीन प्रश्न सरळ विचारा: त्याला काय चालत नाही, औषध काय जवळ ठेवता, तुम्ही थांबाल का. ती नक्की थांबेल. बहुतेक तिला आनंदच होईल, कारण आम्हाला असा फोन सहसा कुणी करत नाही.

आता स्वयंपाकघराचं. दाणे दिसतात तेवढेच नसतात. कूट मिक्सरच्या भांड्यात आणि झाकणाच्या रबरात अडकून राहतं आणि त्याच भांड्यात सँडविचची हिरवी चटणी वाटली की गेलं. तेल कोणतं वापरता ते बघा. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर त्या दिवशी सूर्यफूल किंवा तूप वापरा, घाण्याच्या तेलात दाण्याचं प्रथिन उतरतं. सुटी बिस्किटं, बेकरीची खारी, मिठाईच्या दुकानातल्या शेवेवर काही छापलेलं नसतं, ते आणू नका. पाकीटबंद घ्या आणि मागे वाचा. अ‍ॅलर्जीचे घटक छापणं २०२० च्या लेबल नियमांनी सक्तीचं केलंय. केकवाल्याला विचारा की काजू-दाण्याचे केक त्याच सुरीने कापतात का. मुलांचे हात साबणाने धुवायला लावा, सॅनिटायझरने हे प्रथिन जात नाही.

आणि अंगावर गांधी उठून त्यासोबत उलटी, ओठांना सूज, घरघर किंवा एकदम मलूलपणा दिसला, तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. त्याच्या आईकडे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधी द्यायचं, मग १०८ ला फोन. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये, बाकी मोठ्या माणसांना माहीत असावं म्हणून.

सायलीची_आई
तुमचं वाचून फोन केलाच. ती थांबणार आहे. औषध तिच्या पर्समध्येच असतं म्हणाली. पण सासूबाईंची एकादशी कशी सांभाळू? दाण्याचं कूट नसलेला उपास त्यांना पटत नाही.

नाशिकची_सुगरण
आता माझं ऐका. खिचडीत कूट लागतं ते साबुदाण्याचं पाणी शोषायला, दाणा सुटा राहायला. ते काढलंत तर साबुदाणा कमी पाण्यात भिजवा, वर जेमतेम ओलसर राहील इतकंच, आणि कुटाऐवजी ओलं खोबरं भरपूर घाला. तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची, बटाटा. कोकणात पुष्कळ घरी खोबरं घालतातच. आमटीऐवजी ताकाची कढी करा, त्यात थोडं शिंगाड्याचं पीठ. रताळ्याचा कीस खोबरं घालून. सासूबाईंना ‘पाहुण्या मुलासाठी’ म्हणून सांगा, ‘डॉक्टर म्हणतात’ म्हणून नको.

निशिगंधा
मुलांना मात्र उपासाचं देऊ नका, त्यांना वाढदिवसाचं खायचं असतं. पावभाजी करा, दाण्याचा संबंध नाही आणि सकाळी करून ठेवता येते. जोडीला केक आणि लिंबू सरबत, बास. अठरा मुलं आणि थांबलेल्या आया धरून दोन किलो केक पुरेल. पाठवणीच्या पिशवीत चिक्की किंवा चॉकलेट नको, खडू आणि एक छोटी वही द्या.

नाशिकची_सुगरण
पाव ज्या बेकरीतून आणणार, तिथे नानकटाईवर दाणे लावतात का ते विचारा.

कबीरची_मम्मा
सुगरणताई, बरोबर. आणि सकाळची आमटी दुसऱ्या दिवशी द्वादशीला करता आली तर सर्वांत सोपं. घरात त्या दिवशी दाणे भाजलेच नाहीत की अर्धी काळजी मिटली.

सायलीची_आई
सासूबाईंशी बोलले. आमटी सोमवारी करू म्हणाल्या आणि मिक्सरचं भांडं त्यांनी स्वतः रबर काढून घासलं. आमंत्रण दिलं, वेळ पाच ते सात लिहून सगळ्यांना परत मेसेज केला. मेनू पावभाजी, केक, सरबत. खेळगडी, रंगीत चिकटपट्टीने फरशीचं पॉलिश निघतं का? आणि डोंबिवली पूर्वेला कुणाकडे मोठी सतरंजी असेल तर रविवारपुरती हवी आहे.

खेळगडी
कागदी चिकटपट्टी घ्या, रंगकामवाले वापरतात ती. डाग पडत नाही. पार्टी संपल्यावर लगेच काढा.

वाटसरू७
सतरंजी आहे, बारा बाय दहाची. मी पूर्वेलाच आहे, टिळक नगर. शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. वैयक्तिक निरोपात पत्ता पाठवतो.