४३३ मेगाहर्ट्‌झचे रिमोट प्लग रास्पबेरी पायवरून: शेजारच्या खोलीत सिग्नल पोचत नाही

प्रश्न (रिले_वाला): रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), एफएस१०००ए हा ४३३ मेगाहर्ट्‌झचा ट्रान्समीटर आणि त्याच्यासोबत मिळणारा स्वस्त रिसीव्हर. आरपीआय-आरएफ ही पायथन लायब्ररी वापरून रिमोटचे २४ बिटी कोड पकडले. प्लग दोन हातांवर असेल तर चालू-बंद होतो, भिंतीपलीकडे नाही. एक प्लग तर जवळूनही दाद देत नाही. पुढे याच प्रकारच्या प्लगवर २ किलोवॅटचा गीझर टायमरने चालवायचा आहे.

तांब्याची_तार: अँटेना लावली आहे का? बोर्डवर एएनटी लिहिलेल्या भोकात १७.३ सेंमी सरळ, सिंगल कोअर तार सोल्डर करा. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंमी, तिचा हा पाव भाग. तार गुंडाळून ठेवू नका, आणि पाय धातूच्या डब्यात असेल तर ती बाहेर काढा. ट्रान्समीटरला ३.३ ऐवजी ५ व्होल्ट द्या. डेटाला पायचे ३.३ व्होल्ट पुरतात.

हट्टी प्लगसाठी पल्सची लांबी, म्हणजे सिग्नलच्या एका ठोक्याचा वेळ, तपासा. कोड पकडताना कोडशेजारी तीही दिसते. पाठवताना ती दिली नाही तर प्रोटोकॉल १ ची (लायब्ररीतल्या पहिल्या सिग्नल-पद्धतीची) ठरलेली ३५० मायक्रोसेकंद जाते. रिमोट १८० च्या आसपास पाठवत असेल तर कोड बरोबर असूनही प्लग ढिम्म. दर वेळी वेगळाच कोड दिसत असेल तर रिमोट रोलिंग कोडचा (प्रत्येक दाबाला कोड बदलणारा) आहे, तो नाद सोडा.

ओहम_शांती: रिसीव्हर ५ व्होल्टवर असेल तर त्याची डेटा पिन थेट पायला जोडू नका, जीपीआयओ (पायच्या सिग्नल देण्या-घेण्याच्या पिना) ३.३ व्होल्टचे आहेत. १० के (किलोओहम) चे तीन रेझिस्टर पुरतात: एक डेटा आणि जीपीआयओच्या मध्ये, उरलेले दोन एकामागे एक जीपीआयओ ते ग्राउंड. कोड मिळाले की रिसीव्हर काढून टाका. सिग्नल नसतानाही तो डेटा पिनवर कचरा सोडत राहतो.

अधूनमधून कमांड हुकत असेल तर लिनक्सवरची वेळेची गडबड पाहा. प्रोसेसर व्यस्त असला की पल्स हलतात. रिपीट (एक कोड किती वेळा पाठवायचा) १० वरून १५-२० करा.

फेज_न्यूट्रल: गीझरचं मात्र थांबा. २ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर, तेही सलग. अशा प्लगमध्ये बहुधा १० अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो; आतल्या पट्ट्या सैल असल्या की प्लास्टिक वितळतं. प्लगवर फक्त २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची (जड भारासाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवा, गीझरचा भार कॉन्टॅक्टरमधून न्या, आणि हे वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दुसरं, हे प्लग एकतर्फी आहेत. बंदची कमांड पोचली की नाही, हे पायला कळत नाही. क्रॉनमधून (लिनक्सचा वेळापत्रक चालवणारा प्रोग्रॅम) १०-१० सेकंदांनी तीनदा पाठवली तर शक्यता वाढते, खात्री नाही. गीझरसाठी टास्मोटा हे मुक्त फर्मवेअर चढवलेला वायफाय रिले घ्या, तो एमक्यूटीटीवर (उपकरणांमधल्या निरोपांचा प्रोटोकॉल) आपली स्थिती कळवतो. त्यानेही कॉन्टॅक्टरच चालवा. आरएफ (रेडिओवरचे) प्लग दिवे-पंख्यांना ठेवा.

रिले_वाला: पल्स १८४ निघाली, ती दिल्यावर तो प्लग लगेच चालला. तार आज लावतो. गीझर वायफायवर.